बँकेत असताना

‘आमच्या निदर्शनास आलं आहे’ हे वाक्य ज्या कुणी शोधून काढलं, त्याचं भलं होवो. त्या चार शब्दांनी माझे तीन आठवडे खाल्ले. मेल इंग्रजीत होता, पण मी तो मनातल्या मनात मराठीत वाचला. बँकेत असताना असली वाक्यं मी पुष्कळ पाहिली होती. साहेबाच्या निदर्शनास आपोआप काहीच येत नाही, कुणीतरी ते आणून ठेवतं, हेही तिथेच शिकले होते.

मी दोहातल्या एका कॉलेजात मुलींच्या बास्केटबॉल टीमची हेड कोच आहे. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्याच दिवशी, एचआरचा तो मेल आला. हेड कोचला किमान पाच वर्षं व्यावसायिक खेळाडू म्हणून अनुभव हवा, तुम्ही अर्जात अकरा वर्षं लिहिली आहेत, परंतु आमच्या निदर्शनास आलं आहे की त्या काळात तुम्ही एका बँकेत क्लार्क होता. तीन आठवड्यांत पुरावा द्या, नाहीतर महिनाअखेरीला संपणारं कॉन्ट्रॅक्ट पुढे चालू राहणार नाही. शेवटी खोट्या माहितीबद्दल ‘योग्य ती कारवाई’ असंही गोड शब्दांत लिहिलं होतं. म्हणजे नोकरी तर जाणारच, वर खोटारडी म्हणून जाणार.

भीती नंतर वाटली. आधी मनात शंकेची पाल चुकचुकली. कुणी सांगितलं?

आता हे क्लार्क प्रकरण समजावून सांगते, कारण आपल्याकडच्या माणसाला ते एका वाक्यात कळतं आणि बाहेरच्याला जन्मात कळत नाही. मी सांगलीची. सहा फूट नाही, पण पावणेसहा तरी आहे, आणि विसाव्या वर्षी उडी मारली की रिंगची जाळी बोटाला लागायची. आपल्याकडे तेव्हा बास्केटबॉल खेळून पोट भरायचं म्हणजे एकच वाट होती. कुठल्यातरी बँकेने नाहीतर सरकारी खात्याने खेळाडूंच्या कोट्यातून नोकरीत घ्यायचं आणि आपण त्यांच्या टीमकडून खेळायचं. कागदावर क्लार्क. सकाळी दहाला पुण्याच्या शाखेत जायचं, मस्टरवर सही करायची, आणि बाराच्या ठोक्याला बॅग उचलून ग्राउंडवर. स्पर्धा असली की महिना महिना शाखेत तोंड दाखवायचं नाही. पगार बँकेचा, घाम ग्राउंडवर. अकरा वर्षं मी असं खेळले. राज्याकडून खेळले, चार वेळा देशाच्या कॅम्पला गेले. गुडघा गेला तेव्हा थांबले.

शाखेत माझ्यावर सगळ्यांचा डोळा. बाई सही करते आणि पळते, असं माझ्यादेखत बोलायचे. माझं काम दुसऱ्यांच्या अंगावर पडायचं, त्यामुळे त्यांचंही चुकत नव्हतं म्हणा. सगळ्यात वाईट म्हणजे आमचे अकाउंटंट साहेब. मस्टर त्यांच्या टेबलावर असायचं. मी बाराला निघाले की ते माझ्या सहीपुढे लाल शाईने ‘ग्रा.’ लिहायचे. ग्रा. म्हणजे ग्राउंड. ते अक्षर मला अकरा वर्षं चिमटे काढत होतं. तिथे सगळ्यांना संशय की ही क्लार्क नाहीच. आणि इथे वीस वर्षांनी या लोकांना संशय की ही क्लार्कच होती. आता काय म्हणावं?

तर, कुणी सांगितलं? मला घेतलं तेव्हाच्या क्रीडा विभागप्रमुखांना ही पद्धत ठाऊक होती. त्यांनी क्लार्क वाचूनही मान डोलावली होती, पण ते कधीच देश सोडून गेले. माझी फाइल तेव्हापासून कपाटात झोपलेली. ती उठवायची तर कुणीतरी गदागदा हलवली असणार. मी बँकेत होते हे कॉलेजात मी एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, पहिल्या वर्षी, करक चहा पिताना. माझ्या असिस्टंट कोचला.

ती फिलिपिन्सची. वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, स्वतः कॉलेजात पॉइंट गार्ड खेळलेली. वेळेच्या आधी यायची, मुलींची नावं, त्यांच्या आयांची नावं, कुणाचा घोटा कधी मुरगळला, सगळं तोंडपाठ. आमच्या हॉलमध्ये सरावाच्या वेळी पुरुषांना प्रवेश नाही, आणि मुली हिजाबाशिवाय, मोकळ्या कपड्यांत असतात म्हणून फोन दारातच टोपलीत ठेवायचे. त्यामुळे ती वहीत लिहायची. तीन वर्षं त्या वहीचं मला कौतुक होतं. मेल आल्याच्या दुसऱ्या दिवशी मला वाटलं, एवढं काय लिहिते ही?

संशय एकदा घरात शिरला की पाहुण्यासारखा राहत नाही, थेट स्वयंपाकघरात जातो. मी तिच्याकडे बघायला लागले तशी ती माझ्याकडे बघायची टाळायला लागली. मंगळवारी ती म्हणाली की सकाळी दातांच्या डॉक्टरकडे जाते. मी त्याच सकाळी अल मन्सूराला कढीपत्ता आणि भाकरीचं पीठ आणायला गेले होते, तिथून मेट्रोने परत निघाले, आणि मुशैरिब स्टेशनवर पाहते तर ही बाई हातात पारदर्शक फोल्डर घेऊन सरकत्या जिन्यावरून वर चाललेली. आमचं एचआर ऑफिस कुठे? मुशैरिबला. तिथे कुठला आलाय दातांचा डॉक्टर? मी हाक मारली नाही. पिशवी छातीशी धरून खांबाआड उभी राहिले. पावणेसहा फुटांची बाई खांबाआड काय लपणार, पण लपले.

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं. तो गॅस कंपनीत इंजिनिअर. त्याला कुठलीही गोष्ट सांगा, तो आधी तिच्यातली हवा काढतो. म्हणाला, मुशैरिबला अख्खा दोहा उतरतो, तिन्ही लाइनी तिथेच बदलतात, तूही उतरलीसच की. मग जरा थांबून म्हणाला की एवढा डोक्याला ताप कशाला, सोडून दे, घरात काय कमी आहे? मला अशी चीड आली म्हणून सांगू. माझी नोकरी या अल हिलालच्या फ्लॅटमध्ये कायमची छंदासारखी धरलेली. जसं कुणी पेटी वाजवतं, कुणी केक करतं, तसं ही मुलींना बॉल खेळवते.

पण त्यालाही किती दोष देऊ? आमचं लग्न जमवून झालेलं. स्थळं बघायला लागल्यावर आईने मला नीट बसवून सांगितलं होतं की खेळते म्हणू नकोस, लोकांना आधी गुडघे दिसतात. बँकेत आहे म्हण. बायोडेटावर तेच गेलं. मला बघायला आले तेव्हा मी दोनच महिन्यांपूर्वी फायनलमध्ये सत्तावीस पॉइंट मारले होते, आणि सासूबाईंनी विचारलं, बँकेत काय बघता तुम्ही? मी म्हटलं, काउंटर. त्या बाईला इतकं समाधान वाटलं की लग्न ठरलंच. पुढे गुडघ्याने घरी बसवलं तेव्हा मेडलं एका ट्रंकेत भरून सांगलीला माळ्यावर टाकली. तेव्हापासून माझ्या तोंडी एकच पालुपद बसलं, ‘बँकेत असताना’. बँकेत असताना आम्ही केरळला गेलो होतो, बँकेत असताना माझा खांदा निखळला होता. काउंटरमागे खांदा कसा निखळतो, हे कुणी विचारलं नाही.

इकडे मी कॉलेजात युद्ध पुकारलं. असिस्टंटकडून बॉल-रूमची किल्ली काढून घेतली. कारण सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की आजपासून माझ्याकडे राहील. तिने काढून दिली. बाजूच्या रेषेवरून बॉल आत टाकायची एक नवी चाल मी मुलींना शिकवली, तीही हिला बर्फ आणायला पाठवून. मुलींना म्हटलं, ही आपल्यातच ठेवा. सेंटरला खेळणारी आमची सुदानची उंच मुलगी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पोरी काही खुळ्या नसतात.

त्याची फळं गुरुवारच्या मॅचला मिळाली. शेवटच्या मिनिटात मी रेफ्रीशी बोलत होते, तेवढ्यात हिने दमलेली गार्ड बाहेर काढून दुसरी आत पाठवली. योग्यच केलं होतं तिने. पण आत गेलेली मुलगी त्या चालीच्या दिवशी आजारी होती, तिला चाल ठाऊक नव्हती, आणि असिस्टंटलाही ठाऊक नव्हतं की अशी काही चाल आहे. बॉल थेट समोरच्या टीमच्या हातात. दोन पॉइंटने हरलो. मुली रडल्या. मी बाहेर उभी राहून हिच्याकडे असं बघितलं की जणू तिने मुद्दाम केलं. आणि खरं सांगते, त्या रात्री मला तसंच वाटत होतं.

घरात आणखी एक घोळ. माझी लेक बारावीला. इथल्या सगळ्या पोरांसारखी, मराठी पूर्ण कळतं, उत्तर इंग्रजीत. त्या आठवड्यांत तिने मला तीनदा इंग्रजीत विचारलं की आई, मेल बघितलास का? ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून. मला वाटलं, नवऱ्याने हिला एचआरचं सांगितलं आणि ही माझी गंमत बघते आहे. पहिल्या दोन वेळा मी उडवून लावलं. तिसऱ्यांदा मी कणीक मळत होते, तशीच फिरले आणि म्हटलं, बघितला मेल, आणि तू तुझ्या अभ्यासाचं बघ, माझ्या भानगडीत नाक खुपसू नकोस. तिचं हसू गेलं. इंग्रजीत ओके म्हणाली आणि खोलीत गेली. त्यानंतर विचारलं नाही.

पुराव्याचं मात्र काही जमेना. बँकेचं जुनं पत्र होतं, त्यात ठसठशीत ‘क्लार्क’. ती बँक पुढे दुसऱ्या बँकेत विलीन झाली, फोन उचलायला माणूस नाही. सर्टिफिकिटं होती, पण राज्याच्या सर्टिफिकिटांवर पगाराचा उल्लेख नाही, आणि बाकीच्यांवर बँकेच्या टीमचं नाव. एचआर म्हणालं असतं, बँकेची टीम म्हणजे ऑफिसची टीम, शुक्रवारी कंपनीचे लोक क्रिकेट खेळतात तशी. शेवटचे पाच दिवस उरले तेव्हा एका जुन्या मैत्रिणीकडून नंबर मिळवून मी नाइलाजाने फोन केला तो अकाउंटंट साहेबांना.

ऐंशीच्या घरात असतील आता. आवाज तसाच, कात्रीसारखा. मी नाव सांगितलं तर म्हणाले, “कोण, ती ग्राउंडवाली?” मी हो म्हटलं आणि सगळी हकीकत सांगितली. मग त्यांनी सांगितलं की मस्टर तर गेलं रद्दीत, पण त्यांनी माझ्याविरुद्ध हेड ऑफिसला दर वर्षी जी तक्रार केली होती, तिच्या प्रती त्यांच्याकडे आहेत. तारीखवार. हा माणूस निवृत्त होताना माझ्या तक्रारी घरी घेऊन गेला होता! मला हसावं की रडावं कळेना.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेने फोटो काढून पाठवले. अकरा पत्रं, कडक सरकारी इंग्रजीत. सदर महिला कर्मचाऱ्याने या वर्षात एकही दिवस पूर्ण वेळ काम केलेले नाही. दुपारी बारा वाजता बास्केटबॉल खेळण्यासाठी निघून जाते. वर्षातील इतके दिवस स्पर्धेनिमित्त गैरहजर, पगार मात्र पूर्ण. आणि शेवटच्या पत्राखाली हेड ऑफिसचं एका ओळीचं उत्तर, शिक्क्यासकट: सदर कर्मचाऱ्याची नेमणूक खेळण्यासाठीच आहे, कृपया पुन्हा पत्रव्यवहार करू नये. ते उत्तर मी उभ्या उभ्या चार वेळा वाचलं. इतक्या वर्षांत मला कुणी दाखवलंच नव्हतं.

त्यांच्या प्रिंट काढून तो गठ्ठा घेऊन मी मुशैरिबला गेले. एचआरची बाई जॉर्डनची, बोलायला मधासारखी. तिने एकेक पत्र वाचलं. मध्येच तिच्या भुवया वर गेल्या. म्हणाली, म्हणजे तुम्हाला काम न करण्याचा पगार मिळत होता? मी म्हटलं, “खेळण्याचा मिळत होता. प्रोफेशनल म्हणजे दुसरं काय असतं?” ती खुर्चीत मागे टेकली. मग म्हणाली की हे पुरेसं आहे, ती तसा शेरा लिहील, कॉन्ट्रॅक्ट पुढे जाईल इन्शाल्ला.

मी उठायला हवं होतं. पण तीन आठवडे पोटात धरलेला प्रश्न गप्प बसेना. विचारलं, तुमच्या निदर्शनास हे आणलं कुणी? तिला माझ्या प्रश्नाचं आश्चर्य वाटलं. कुणी म्हणजे, सगळ्यांनाच तर आलं आहे, असं म्हणत तिने स्क्रीन माझ्याकडे फिरवली. कॉलेजचं मासिक पत्रक. दर महिन्याला मेलवर येतं, आणि चार वर्षांत मी एकदाही उघडलेलं नाही. या महिन्यात मदर्स डे, म्हणून कर्मचाऱ्यांच्या मुलांचे लेख. पहिलं बक्षीस, माझ्या लेकीला. वर माझा फोटो, शिट्टी तोंडात.

वाचत गेले. माझ्या आईने अकरा वर्षं बँकेच्या काउंटरमागे बसून काढली. ती क्लार्क होती. ऑफिसच्या टीममध्ये अधूनमधून खेळायची, बँक हेच तिचं आयुष्य होतं, कारण ती अजूनही प्रत्येक गोष्ट ‘बँकेत असताना’ म्हणूनच सांगते. खेळाडू व्हायचं तिचं स्वप्न तिथे अपुरं राहिलं. ते तिने चाळिशीत, दोहाला येऊन पूर्ण केलं. म्हणून मला माझ्या आईचा अभिमान वाटतो.

काखेत कळसा म्हणतात तो हा. मेल बघितलास का, मेल बघितलास का. पोरगी माझ्यासमोर ताट घेऊन उभी होती आणि मी तिच्या हातावर फटका मारला होता.

बाई विचारत होती की मग हा लेख चुकीचा समजायचा का, तशी दुरुस्ती छापायची का. मी म्हटलं, “लेख बरोबर आहे. तिने ऐकलं तेच लिहिलं. सांगणारीने खोटं सांगितलं.” तिला ते कितपत कळलं कोण जाणे. तिने चहा विचारला, मी ‘शुक्रन’ म्हणत आभार मानले आणि निघाले. दारापर्यंत गेले, तिथून परत वळले आणि असिस्टंटबद्दल विचारलं, ती इथे येत असते ना? हो, म्हणाली बाई, तिच्या आईच्या व्हिसासाठी चार हेलपाटे झाले बिचारीचे, तुमच्या कानावर घातलं नाही का तिने? नसेल घातलं. दातांचा डॉक्टर सांगितला, कारण आपल्या कोचला घरची अडचण सांगायची तिला लाज वाटली असेल, किंवा माझी भीती. दोन्हींत मान खाली घालायची ती मीच.

संध्याकाळी हॉलवर गेले आणि बॉल-रूमची किल्ली तिच्या हातात ठेवली. माफी मागितली, जे वाटलं होतं ते सगळं सांगितलं, खांबाआड लपल्याचंही. ती हसली नाही. “यस कोच,” एवढंच म्हणाली. किल्ली घेतली, बॉल बाहेर काढले. सीझन संपल्यावर ती दुसऱ्या शाळेत हेड कोच म्हणून गेली. तिच्या शिफारशीचं पत्र मीच लिहिलं, आणि त्यातला शब्द न् शब्द खरा होता. ती अजून ईदला मेसेज करते, सगळ्यांना एकच पाठवतात तसला.

त्या दिवशी घरी पोचले तर लेक डायनिंग टेबलवर गणितं सोडवत बसली होती. मी समोर बसले. म्हटलं, तुझा लेख वाचला. तिचा चेहरा एकदम उजळला आणि लगेच सावध झाला, कारण माझ्या तोंडावर काहीतरी दिसलं असणार. मी फोन काढला आणि अकाउंटंट साहेबांच्या तक्रारी तिच्यापुढे ठेवल्या. ती वाचत गेली. तिसऱ्या पत्राला तिने पेन्सिल खाली ठेवली. हेड ऑफिसच्या उत्तरावर तिने बोट ठेवलं. मग इंग्रजीत विचारलं की तू बँकेत काम करत नव्हतीस? मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, मग ‘बँकेत असताना’ म्हणजे काय?

मी म्हटलं, “खेळत असताना.”

तिने माझ्याकडे बघितलं. डोळे भरलेले. आणि माझ्या या लेकीने, जिचं मराठी उत्तर मी शेवटचं कधी ऐकलं ते मला आठवत नाही, सरळ मराठीत म्हटलं, “मग तसं म्हण ना, आई.”

मी म्हणून बघितलं. “मी खेळत असताना,” म्हटलं, आणि पुढचं वाक्य मला येईना. ती हनुवटीखाली हात घेऊन बसून राहिली, ऐकायला.